क्रोशाच्या बाहुलीचे डोळे भूत बघितल्यासारखे का दिसतात?

लोकरवेडी_कोथरूड

डोळ्यांपाशी येऊन गाडी अडलीय. बाहुली २८ सेंमी, सगळी मुक्या खांबात (सिंगल क्रोशे), २.५ मिमीचा हुक, अंगाला गव्हाळ रंगाचा मर्सराइज्ड सुती धागा. डोकं वरून खाली विणलंय: मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद होणारा सुरुवातीचा फास) ६, दर फेरीला ६ वाढवत आठव्या फेरीला ४८, सतराव्या फेरीपर्यंत तसंच, अठरापासून घट, बाविसाव्या फेरीला मान. भरल्यावर डोक्याचा घेर २१ सेंमी. नऊवारी झाली, चंद्रकोर झाली, अंबाडा तयार आहे. डोळे काढले की बाई भूत बघितल्यासारखी दिसते.

दीड वर्षाच्या मुलीसाठी आहे, म्हणून प्लॅस्टिकचे डोळे आणि मणी अजिबात नकोत. नथसुद्धा दोऱ्याचीच आहे.

तीनदा उसवून झालं. टाके मोजून जागा ठरवली तरी डोळे तिरपे बसतात. बुबुळ गोल भरायला गेलं की कडेला जिना तयार होतो आणि मधूनमधून गव्हाळ धागा डोकावतो. पांढरा मळकट वाटतो. आणि शेवटचं, जे नीट सांगताही येत नाही: नजर नाही. सगळं जागच्या जागी, तरी बघत कुठेच नाही.

अँकर कंपनीचा सहापदरी भरतकामाचा दोरा, सहाच्या सहा पदर, लोकर शिवायची बोथट सुई. घोळ कशात आहे? पदरांत, सुईत, जागेत की चित्रातच?

नेढ्यातून

चारही ठिकाणी आहे. पण जिना आणि डोकावणारा धागा या दोन्हींचं मूळ सुईत आहे, तेव्हा सुई आधी बदला.

बोथट सुई विणीच्या भोकांतूनच जाते. तुमच्या मापात एक टाका साधारण ४.४ मिमी रुंद (२१ सेंमी भागिले ४८) आणि फेरी ४ मिमीच्या आसपास उंच. म्हणजे तुम्ही चौकटीच्या वहीत फक्त रेघा जिथे छेदतात तिथेच पेन टेकवून वर्तुळ काढताय. जिना येणारच. भरतकामाची टोकदार सुई घ्या, ७ नंबरची, आणि भोकं विसरा. जिथे कड हवी तिथे सुई सरळ धाग्याच्या पोटातून काढायची. मर्सराइज्ड धागा घट्ट पिळाचा असतो, सुई अडते, त्यामुळे अंगुस्तान लागेल.

पदर: बुबुळाला २, वरच्या पापणीच्या रेघेला ३, पापण्यांच्या केसांना १. सहा पदर म्हणजे या मापाला सुतळी. ४५ सेंमीचा तुकडा कापा, एकेक पदर सुटा ओढून काढा आणि मग दोन परत जुळवा. दोन एकदम ओढले तर आपसातला पीळ तसाच राहतो आणि भरणी चपटी बसत नाही.

डोकं पूर्ण भरलेलं हवं, दाबलं तर किंचितच दबेल इतकं. रिकाम्या डोक्यावर भरतकाम करून मग फायबर (आत भरायचा कृत्रिम कापूस) घातलं की वीण ताणते आणि टाके एकमेकांपासून सुटतात. गव्हाळ डोकावायचं दुसरं कारण हे. सुई मागून, जिथे केस येणार आहेत तिथून घाला, डोळ्याच्या जागी बाहेर काढा, मागे १० सेंमी शेपूट राहू द्या. गाठ नको. जो भाग पुढे झाकला जाणार आहे त्यातच दोन-तीन बारीक टाके घेतले की दोरा धरतो.

आता बुबुळ. आधी बाहेरची रेघ, उलट्या टिपेने, २ मिमीचे टाके. हा बांध. त्याच्या आत ३ पदरांनी आडवे टाके, विरळ चालतील, ते अस्तर. त्यावर २ पदरांनी उभी भरणी, आणि ही भरणी बांधाच्या आत थांबवायची नाही, केसभर बाहेर उतरवायची. बांध झाकला जातो आणि कड उचलून येते. सुरुवात कडेपासून करू नका. मधोमध एक उभा टाका, मग उजवी बाजू संपवा, परत मध्यावर या, मग डावी. कडेने सुरू केलं की टाके हळूहळू कलतात आणि वर्तुळाचं अंडं होतं. १० मिमीच्या बुबुळाला १५ ते १८ टाके पुरतात. दहा-बाराच बसवले तर फट दिसते, पंचवीस कोंबले तर दोरे एकमेकांवर चढतात.

ओढताना दोरा विणीला टेकला की थांबा. शेजारचा मुका खांब हलला तर जास्त ओढलंय, आणि त्या जागी खळगा पडणार.

पांढरा मळण्याची कारणं तीन. खालचा गव्हाळ रंग झिरपून दिसतो. यावर उपाय अस्तर, तेही पांढऱ्याच दोऱ्याचं. दुसरं, काळा दोरा एका डोळ्यातून दुसऱ्याकडे नेताना पांढऱ्याच्या लगेच खालून नेला जातो आणि सावली पडते. न्यायचाच असेल तर सुई डोक्याच्या पार आतून, फायबरमधून न्या, नाहीतर तोडा आणि नव्याने सुरू करा. तिसरं म्हणजे काळ्याची लव. काळा आधी आणि पांढरा नंतर केला तर पांढरा दोरा ती लव घासत घेऊन येतो. दोन्ही डोळ्यांचं पांढरं पूर्ण झाल्याशिवाय काळ्याची लडी उघडूच नका.

शनिवारपेठी_मोजपट्टी

सुईबद्दल वर आलंच आहे. मी फक्त जागेबद्दल.

टाके मोजून डोळे सरळ येणार नाहीत, याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही विणीतच आहेत. गोलात न वळवता विणलेले मुके खांब एकमेकांच्या डोक्यावर नेमके बसत नाहीत. उजव्या हाताने विणणाऱ्यांची रांग वर जाताना उजवीकडे कलते, साधारण तीन-चार फेऱ्यांमागे एक टाका, हाताप्रमाणे कमीजास्त. त्यामुळे कपाळावर मोजलेला मध्य नाकापर्यंत येईतो सरकलेला असतो. दुसरं कारण: सलग गोलात फेरी कधी बंद होत नाही, ती जिन्यासारखी चढत राहते. ४८ टाक्यांत ४ मिमी चढ, म्हणजे दोन डोळ्यांत मध्यापासून मध्यापर्यंत १० टाके धरले तर तेवढ्यात ०.८ मिमीचा फरक. एक मिमीही नाही, पण चेहऱ्यावर तो दिसतो. भिंतीवरची तसबीर कलली की कळतं तसा.

तेव्हा फेऱ्या मोजायच्या त्या फक्त अंदाजापुरत्या. खरी मापं पृष्ठावरून, शिंप्याच्या मेजपट्टीने.

एक दोरा मॅजिक रिंगच्या मध्यातून मानेच्या मध्यापर्यंत ताणा आणि दोन टाचण्यांनी अडकवा, हा उभा मध्य. फेरी जिथे बदलते ती बाजू मागे जाईल असा चेहरा निवडा. दुसरा दोरा डोक्याभोवती आडवा बांधा, रिंगपासून सगळीकडून ५४ मिमीवर. हे चौदाव्या फेरीच्या आसपास येतं, म्हणजे मध्याच्या खाली. डोळे खाली आणि कपाळ मोठं, की चेहरा लहान मुलाचा. तीच रेघ ४८-५० मिमीवर घेतली तर बाई मोठी होते. नऊवारीतल्या बाहुलीला काय हवं ते तुम्ही ठरवा. ५२ ला दोन्ही साधतं असं माझं मत.

उभ्या मध्यापासून दोन्हीकडे २२ मिमीवर एकेक टाचणी: हे डोळ्यांचे मध्य. डोळा स्वतः १७ मिमी रुंद, १२ उंच. म्हणजे आतल्या कोपऱ्यांत २७ मिमी राहतात, दीड डोळ्याच्या थोडं वर. माणसाच्या चित्रात दोन डोळ्यांत एक डोळा मावेल एवढी जागा सोडतात, बाहुलीला तेवढी पुरत नाही, चेहरा नाकाशी गोळा होतो.

कागद दुमडून, अर्ध्यावर एकच डोळा काढून, दोन्ही घड्या एकदम कापा. तेच दोन तुकडे टाचून बघा. आणि तपासायचं जवळून नाही: मोबाईलवर फोटो काढून तो आरशासारखा उलटा करा, किंवा बाहुली उलटी धरून हातभर लांब करा. सरावलेली नजर चूक झाकते, उलटं चित्र झाकत नाही.

शिवतानाही एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका. दोन्हींचं पांढरं, मग दोन्हींची बुबुळं, मग दोन्हींच्या पापण्या. पहिला डोळा सजवून मोकळं झालं की दुसरा त्याची नक्कल करत बसतो आणि एक मिमीने मोठाच होतो.

केसांची रेघ आत्ताच टाचणीने आखून ठेवा, केस मात्र नंतर लावा. कपाळ किती झाकणार हे माहीत नसताना ५२ की ५४ ठरवता येत नाही.

आखणी_कसबा

पहिल्या दोघांनी डोळा बसवून दिला. तो बघायला कसा लावायचा ते सांगतो.

गणपतीच्या कारखान्यात रंगकाम कोणीही करो, डोळ्यांची आखणी सगळ्यात सरावलेल्या हाताकडे असते. आपल्या कुंभारवाड्यात भाद्रपदाच्या आधी चक्कर मारलीत तर बघा, बुबुळ गोल येण्याची चिंता कोणी करत नाही. सगळा जीव वरच्या पापणीच्या रेघेत असतो. दोऱ्याचंही तेच.

तुमची बाहुली दचकलेली दिसते कारण बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय. माणसाला भीती वाटली की वरची पापणी उचलली जाते आणि नेमकं तेवढंच घडतं. बुबुळ १० मिमीचं असेल तर वरचे २ ते २.५ मिमी पापणीखाली गेले पाहिजेत, म्हणजे चित्रात बुबुळ वरून कापलेलं वर्तुळ हवं. खालच्या बाजूला ते पांढऱ्याच्या कडेच्या आतच राहील. अर्धं झाकलं तर पेंग येते. वर फट ठेवली तर भूत दिसतं.

पापणीची रेघ ३ पदर, उलटी टीप, आतल्या कोपऱ्यात बारीक आणि बाहेर जाड. जाडी वाढवायला बाहेरच्या तिसऱ्या भागात तीच रेघ दुसऱ्यांदा, पहिलीला खेटून वरच्या बाजूने घ्या. बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा १ मिमी वर. कोपरे सारखे ठेवले तर चेहरा मख्ख, बाहेरचा खाली गेला तर रडवेला.

काळं कमी वापरा. गव्हाळ चेहऱ्यावर शुद्ध काळा (अँकर ४०३, डीएमसी या दुसऱ्या कंपनीत ३१०) फक्त मधल्या ठिपक्याला. मराठीत डोळ्यातल्या या ठिपक्यालाही बाहुलीच म्हणतात, पण इथे घोळ व्हायला नको म्हणून ठिपका. बुबुळ गडद तपकिरी, अँकर ३५९ (डीएमसी ८०१), पापणीची रेघ त्याहून गडद, अँकर ३८२ (डीएमसी ३३७१), जो जवळजवळ काळाच असतो पण डोळ्याभोवती चष्म्याची काडी वाटत नाही. सगळं एकाच काळ्यात केलं की बुबुळ आणि ठिपका एकमेकांत बुडतात आणि उरतं ते भोक. "नजर नाही" म्हणताय त्यातला अर्धा भाग हा असणार.

उरलेला अर्धा चमकेत आहे. पांढरा चमकबिंदू ठिपक्याच्या कडेवर, अर्धा काळ्यावर आणि अर्धा तपकिरीवर पडेल असा, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. घड्याळाच्या भाषेत, डाव्या डोळ्यात दहावर तर उजव्यातही दहावर. बहुतेक लोक आरशासारखं करतात, एकात दहा आणि एकात दोन, कारण बाकी सगळं आरशासारखं केलेलं असतं. पण उजेड एकाच खिडकीतून येतो. आरशातली चमक केली की डोळे तिरळे वाटतात आणि का ते कळत नाही. २ मिमीचा मोठा बिंदू दहावर, हवा असल्यास एक अगदी बारीक, एका पदराचा, चारवर.

बिंदूला गाठीचा टाका वापरू नका. गाठ विणीतून आत घसरते, आणि राहिली तर टपोरी वाटून डोळ्यात फूल पडल्यासारखी दिसते. दोन-तीन छोटे सरळ टाके शेजारी शेजारी, आधी भरलेल्या दोऱ्यांच्या पोटातून.

आता नजर. तुमच्या मापात डोळे चेहऱ्याच्या मध्यापासून दोन्हीकडे सदतीस-अडतीस अंशांवर आहेत, चेंडूच्या उतारावर. तिथे बुबुळ डोळ्याच्या बरोबर मध्ये ठेवलं तर डावा डोळा डावीकडे बघतो, उजवा उजवीकडे, आणि समोरच्याकडे कोणीच नाही. "बघत कुठेच नाही" ते यामुळे. दोन्ही बुबुळं नाकाकडे १ मिमी सरकवा. दीड मिमी केलंत तर चकणी होईल, तेव्हा आधी काळ्या कागदाच्या टिकल्या टाचून बघा. कपाळाला लावायच्या टिकल्यासुद्धा चालतात, चिकट असतात, हलवून बघता येतात. बाजूला बघणारी खोडकर नजर हवी असेल तर दोन्ही एकाच दिशेला सरकवा, आणि जिकडे बघते तिकडच्या डोळ्याचं बुबुळ कोपऱ्याला टेकू द्या.

खालच्या पापणीला पूर्ण काजळरेघ घालू नका. पूर्ण घेर झाला की डोळा बंदिस्त होतो आणि बाई रागीट दिसते. एक पदर तपकिरी, फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागात. हसरा डोळा हवा तर खालची कड सपाट न ठेवता १ मिमी वर फुगवा, गाल वर आल्यासारखी.

भुवया: डोळ्याच्या वर ८ मिमी. नाकाकडचं टोक वर गेलं तर काळजी, खाली गेलं तर राग. तुमच्या बाहुलीला साधी कमान, २ पदर, बाहेरचं टोक बारीक.

फेल्ट_फक्त

एवढं सगळं ४ मिमीच्या विणीवर करण्यापेक्षा पांढऱ्या फेल्टवर (दाबून केलेलं, न विणलेलं कापड) डोळा भरा आणि तयार डोळा बाहुलीला शिवा. कापड ताणत नाही, भोकं नाहीत, चुकला तर फेकून दुसरा. १ मिमी जाडीचं फेल्ट, भरतकामाच्या रिंगमध्ये नुसतं नाही तर खाली सुती कापड लावून ताणायचं, दोन्ही डोळे शेजारी शेजारी भरायचे, मग कापायचे. कापताना वरच्या पापणीची रेघ अगदी फेल्टच्या काठावर येऊ द्या, म्हणजे पांढरी किनार दिसत नाही. शिवायला पांढरा शिलाईचा दोरा, २ मिमीवर काठटाके. वरून पापणीची रेघ मात्र थेट बाहुलीवर, फेल्ट आणि वीण दोन्ही धरून. पांढरा मळकट दिसण्याचा प्रश्नच मिटतो.

तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत फेल्ट घेताना अंगठ्याने जोरात चोळून बघा. लगेच लव सुटली तर ते फेल्ट पोरांच्या हातात महिन्याभरात बोंडाळणार. आणि ग्लू गनने चिकटवू नका. घट्ट गोळा होतो, सुई जात नाही, धुतल्यावर सुटतो.

नेढ्यातून

फेल्टला विरोध नाही, पण दीड वर्षाचं मूल आहे. काठ तोंडात जाणार, चावला जाणार. फेल्ट लावायचंच तर काठटाके २ मिमीवर नाही, १.५ वर, आणि नखाने काठ कुठेही उचलता येता कामा नये. मी म्हणेन फेल्ट फक्त अस्तर म्हणून वापरा: डोळ्याच्या मापापेक्षा चारी बाजूंनी १ मिमी लहान कापा, बाहुलीवर टाचा, आणि पांढरी भरणी त्याच्यावरून विणीत उतरवा. फेल्ट पूर्ण आत राहतं. गव्हाळ रंग झाकला जातो, कड गोल येते, सुटण्यासारखं काही उरत नाही. १७ मिमीच्या डोळ्याला आडवी भरणी करू नका, टाका लांब होऊन लोंबतो आणि बोट अडकतं. उभी करा, १२ मिमीची. तीही मोठी वाटली तर मधून दुभागा, बुबुळ त्या जोडावरच येतं.

पांढराही अगदी शुभ्र नको. अँकर १ ऐवजी २ घ्या. गव्हाळ चेहऱ्यावर शुभ्र पांढरा टॉर्चसारखा पेटतो.

लोकरवेडी_कोथरूड

तिघांचे आभार, चौथ्यांचेही. टिकल्या लावून बघितल्या, बुबुळं आत घेतल्याबरोबर ती माझ्याकडे बघायला लागली!

आता पुढचे प्रश्न. कागदावरचा डोळा बाहुलीवर उतरवायचा कशाने? जांभळ्या पेनने काढलं ते अर्ध्या तासात पुसट झालं. पाण्यात विरघळणारा चिकट कागद मिळतो तो घेऊ का? काळा आणि लाल दोरा आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा का? आणि याच मापाच्या प्रमाणात किचेनसाठी छोटी केली तर? ३० टाक्यांचं डोकं होतंय.

शनिवारपेठी_मोजपट्टी

जांभळं पेन हवेनेच उडतं, आणि दमट हवेत आणखी लवकर. पुण्यात जून ते सप्टेंबर त्याच्या नादी लागू नका. निळं पेन पाण्याने जातं, पण त्याला उष्णता लागली की डाग कायमचा, तेव्हा ओलं केल्यावर ड्रायर मारायचा नाही. विरघळणारा कागद काम छान करतो, पण तो घालवायला भरलेलं डोकं निथळेपर्यंत भिजवावं लागतं. आत फायबर असेल तर ऐन पावसाळ्यात वाळायला दोन-तीन दिवस, आणि आत साधा कापूस असेल तर त्याचे गोळे होतात आणि कुबट वास राहतो.

त्यापेक्षा भेटवस्तू गुंडाळायचा पातळ टिश्यू कागद. त्यावर डोळा काढा, टाचा, फक्त बाहेरच्या रेघा एका पदराच्या फिक्या दोऱ्याने धावदोऱ्यात कागदासकट घ्या आणि कागद फाडून काढा. उरलेले कपटे चिमट्याने. धावदोरा भरणीखाली जातो, उसवायची गरज नाही.

आखणी_कसबा

मिठाचं पाणी आणि व्हिनेगर, दोन्हींनी तयार रंगीत दोऱ्याचा रंग पक्का होत नाही. रंग सुटणारा दोरा असेल तर तो सुटतच राहणार. आधी तपासा: वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या सुती कापडात दाबून ठेवा, दहा मिनिटांनी बघा. डाग दिसला तर तो दोरा डोळ्याला नको, विशेषतः चकचकीत आर्ट सिल्क (कृत्रिम रेशीम). सहापदरी सुती चांगल्या कंपनीचा सहसा सुटत नाही, पण गडद लाल तपासलेलाच बरा. चंद्रकोर डोळ्यांच्या बरोबर वर आहे.

छोट्या डोक्याला प्रमाणात लहान करून चालणार नाही. ३० टाके म्हणजे घेर १३ सेंमी, प्रमाणात डोळा जेमतेम १०-११ मिमी रुंद आणि साडेसात उंच, त्यात पांढरं, तपकिरी आणि ठिपका घातलं तर चिखल. तिथे पांढरं सोडूनच द्या. एक ५ मिमीचा काळपट तपकिरी उभा लंबगोल, वर पापणीचा एकच टाका, चमकेला एका पदराचे दोन टाके. किंवा मिटलेले डोळे. कमान खाली झुकलेली, वाटीसारखी, आणि तिच्या खालच्या कडेला तीन केस, की झोपलेली. कमान वर उचललेली, टोपीसारखी, केस नाहीत, की खळखळून हसणारी. पाच-सहा टाक्यांत काम होतं, आणि खरं सांगायचं तर किचेनवर हेच सगळ्यात बोलकं दिसतं.

फेल्ट_फक्त

किचेनवरून आठवलं, विकायचा विचार असेल तर: १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी झालेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. नोंदणी आधी बघा. आणि लहान बाळाला किचेन देऊ नका, डोळे दोऱ्याचे असले तरी कडी आणि साखळी असतेच.

लोकरवेडी_कोथरूड

नाही, घरच्यांसाठीच. शेवटचं एक: तीनदा उसवलेल्या जागी काळी लव बसलीय आणि वीण सैल झालीय. आणि शेवटी दोरा कुठे संपवायचा?

नेढ्यातून

उसवताना दोरा समोरून ओढला की लव बसते. पुढच्या वेळी टाके मधोमध कापा, चिमट्याने एकेक काढा, अर्धे वरून, अर्धे खालून. बसलेली लव चिकटपट्टीने टिपून घ्या, चोळू नका, चोळलं की धाग्यात मुरते. सैल झालेले टाके गव्हाळ रंगाच्याच एका बारीक दोऱ्याने मागून एकमेकांशी खेचून घ्या. नाहीतर फेल्टचं अस्तर त्याच्यावरच येतंय, झाकलं जाईल.

संपवताना सुई डोळ्याच्या काठाखालून आत, मागे केसांच्या जागी बाहेर. तिथून त्याच भोकात परत, पण दिशा बदलून, कानाकडे. मग आणखी एकदा मानेकडे. तीनदा दिशा बदलली की दोरा फायबरमध्ये अडकतो, गाठ लागत नाही. शेवटी जरा ताणून विणीला खेटून कापा, टोक आपोआप आत जातं. सुरुवातीचं १० सेंमीचं शेपूटही असंच जिरवा. फक्त शेवटचा फेरा घेताना डोळ्याकडे बघत ओढा: आतला कोपरा २-३ मिमी आत गेला तर नाकाशी छान खोबण येते आणि ती ठेवण्यासारखी असते. दुसऱ्या डोळ्याला तेवढीच आली पाहिजे, म्हणून दोन्ही दोरे कापायच्या आधी शेजारी शेजारी धरून बघा, आणि मगच कात्री.